सर्व फेऱ्यांना हजर

३ जून, सोमवार

एका आजोबांनी एकाच फेरीत दोनदा उत्तरं दिलीत, आणि सॉफ्टवेअर हटून बसलंय! पुढे सरकायलाच तयार नाही. एक माणूस, एक फेरी, एक ओळ — एवढाच त्याचा हट्ट. आणि हे आजोबा तिसऱ्या फेरीत दोन ओळी अडवून बसलेत.

काम तसं सोपं आहे. शहरातली एकटी राहणारी साडेनऊशे वयस्क माणसं. दर वर्षी एकदा त्यांच्या दारात जायचं आणि तेच प्रश्न विचारायचे — जिना उतरता का, जेवण जातं का, एकटं वाटतं का. अशा सहा फेऱ्या झाल्यात. निम्म्यांकडे ‘सोबत’ योजनेची बाई आठवड्यातून एकदा जाते, निम्म्यांकडे कोणीच जात नाही. योजनेचा काही उपयोग होतो का, हे ती चालवणाऱ्या सरकारी विभागाला आम्ही आकड्यांनी सांगायचं. आकडे माझे, सही साहेबांची.

फॉर्मकाकांना फोन लावला. सर्व्हेवाल्या पोरींवर देखरेख करतात ते. म्हणाले, “अहो, त्या आजोबांनीच पोरीला परत बोलावलं. उत्तरं चुकली म्हणाले. गेली बिचारी. दोन तास बसवून घेतलं, चहा पाजला आणि अख्खा फॉर्म नव्याने भरायला लावला.”

दोन्ही ओळी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. सगळी उत्तरं सारखी, एक सोडून. एकटं वाटतं का? आधीच्या दिवशी — हो. परत बोलावलं त्या दिवशी — नाही.

नियमाप्रमाणे पहिली ठेवली, दुसरी उडवली. सॉफ्टवेअर खूश.

४ जून, मंगळवार

असंतुलित! — असं सॉफ्टवेअरने मला सांगितलं, आणि मी ते जसंच्या तसं साहेबांना सांगितलं. निदान चहा तरी पिऊ द्यायचा होता त्यांना.

साडेनऊशे माणसं, सहा फेऱ्या. शाळेतला गुणाकार — सत्तावनशे ओळी हव्यात. आहेत चार हजार आणि वर थोड्या. सॉफ्टवेअर एक तक्ताही काढून देतं. माणूस फेरीला हजर असेल तर एक, नसेल तर ठिपका. कोणाचे सहाच्या सहा एक. कोणाचे तीन एक आणि पुढे तीन ठिपके. कोणाचा सुरुवातीला एकच एक, मग नुसती ठिपक्यांची रांग.

“हे ठिपके कसले?” साहेब.

“वारले, सर. काही जण मुलांकडे गेले. काही अंथरुणाला खिळलेत, दार उघडायला उठवत नाही.”

“पण आपण प्रस्तावात ‘संतुलित पॅनेल’ लिहिलंय — तीच माणसं, सगळ्या फेऱ्यांना हजर.”

त्यांना प्रस्ताव वाचायला दिला नव्हता सर, नाहीतर थांबले असते बिचारे — हे मनात. तोंडाने म्हटलं, “बघते, सर.”

दारापर्यंत गेले तर मागून हाक. “असंतुलित हा शब्द विभागाला आवडणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये तो बदलता येतो का?”

५ जून, बुधवार

बैठक! विषय एकच: पॅनेलचे संतुलन. हजर चौघे — साहेब, फॉर्मकाका, मी आणि स्लाइडसम्राट. स्लाइडसम्राट म्हणजे आमचे वरिष्ठ संशोधक. मी इथे आल्यापासून त्यांनी एकही आकडा स्वतः काढलेला बघितला नाही, पण स्लाइडचे रंग निवडावेत तर त्यांनीच.

त्यांची सूचना: माणूस सापडला नाही तर त्याची गेल्या फेरीची उत्तरं पुढे चिकटवायची. “लोक फारसे बदलत नाहीत हो.”

“मेल्यावर थोडे बदलतात,” मी म्हटलं.

फॉर्मकाका खोकले.

साहेबांनी त्या सूचनेवर खरोखर विचार केला! डोळे मिटून केला. मग म्हणाले, नको, वयाचा घोळ होईल. वयाचा! म्हणजे बाकी सगळं चाललं असतं. दुसऱ्या फेरीनंतर देवाघरी गेलेला माणूस सहाव्या फेरीत जेवण व्यवस्थित जातं म्हणून सांगतोय, आणि खाली साहेबांची सही.

शेवटी ठरलं — जे सहाही फेऱ्यांना हजर, तेवढे ठेवायचे. बाकीचे काढायचे. “स्वच्छ काम,” साहेब म्हणाले. “मेहनतीने भरलेत हो ते फॉर्म,” फॉर्मकाका म्हणाले, पण ते पंख्याकडे बघून म्हणाले.

मी विरोध केला का? केला. “सर, मग उरतील ते मुळातच धडधाकट असलेले,” असं म्हटलं. पण हळू. डिसेंबरमध्ये करार संपतोय माझा, आणि आवाज आपोआप त्या बेताने निघतो.

६ जून, गुरुवार

एका ओळीची कमांड. एंटर. सहाशे एकोणीस माणसं गेली, तीनशे एकतीस उरली. सॉफ्टवेअर म्हणालं — पूर्ण संतुलित. साहेबांनी बिस्किटं मागवली.

७ जून, शुक्रवार

निकाल काढले. आमच्या अभ्यासात कोणीही मरत नाही! मृत्यू: शून्य. साहजिकच आहे — मरणाऱ्याला आम्ही आतच घेतलेलं नाही. सहा वर्षांत सगळे सहा वर्षांनी मोठे झाले आणि तब्येत होती तिथेच. तेव्हा जिने उतरत होते, आजही उतरतात. तेव्हा जेवत होते, आजही जेवतात.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “शून्य मृत्यू! सहा वर्षांत! याची वेगळी स्लाइड करा.”

“सर, ते शून्य आपणच—”

“हिरव्यात,” साहेब स्लाइडसम्राटांना म्हणाले.

एक गोष्ट मात्र मला टोचतेय. ज्यांच्याकडे सोबतवाली बाई जाते ते, आणि ज्यांच्याकडे जात नाही ते — दोघांत नखाएवढा फरक नाही. दोन्ही गट सारखेच ठणठणीत.

९ जून, रविवार

आत्याकडे गेले होते. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती, जन्मभर लोकांची लोकांशी गाठ घालून दिली, आणि आता स्वतः चौथ्या मजल्यावर एकटी. लिफ्ट नाही. गुडघे गेलेत. दर मंगळवारी सोबतवाली येते — आत्या तिला ‘मंगळवारवाली’च म्हणते — आत्याच्या पुढे उभी राहते, तिची कोपरं धरते आणि स्वतः उलट्या पावलांनी एकेक पायरी उतरत तिला खाली नेते. फाटकापाशी बाकडं आहे. तिथे तासभर. मग वर. आठवड्यात एवढाच तास आत्या घराबाहेर असते. ‘माझा तास’ म्हणते त्याला.

मी काय काम करतेय म्हणून विचारलं तिने. सांगितलं — एक आणि ठिपका वगैरे.

“अगं, म्हणजे हजेरीपटच की!”

“हो. आणि गैरहजर असलेल्यांची नावं आम्ही कापली.”

“मी नाही बाई कापलेली. मी आहे त्यात. सहाही वर्षं आली ती सर्व्हेवाली, एकदाही परत पाठवली नाही.”

मला माहीतच नव्हतं! विचारलं, काय सांगतेस तिला?

“काय सांगायचं? सगळं छान आहे म्हणते. उन्हातान्हाची चार मजले चढून येते पोरगी. तिला काय आपलं रडगाणं ऐकवायचं?”

“आत्या, अगं तुला एकटीला जिना उतरता येत नाही!”

“मंगळवारी उतरते की, ठमे.”

म्हणजे माझ्या त्या तीनशे एकतीस धडधाकटांत आत्या आहे. मी कपाळाला हात लावला. तिला वाटलं डोकं दुखतंय. बाम काढून आणला.

१४ जून, शुक्रवार

अहवालात एक तळटीप घातली: “जे सर्व फेऱ्यांत सापडले नाहीत त्यांना वगळले आहे, निष्कर्ष जपून वाचावेत.” साहेबांनी ‘जपून’ काढलं.

१७ जून, सोमवार

तळटीप पान सातवरून परिशिष्टात गेली.

१९ जून, बुधवार

परिशिष्ट लांबलं म्हणून तळटीप काढली. त्याजागी: “अधिक तपशील मागणी केल्यास उपलब्ध.” मागणी कोण करणार? ज्यांना करायची ते वगळलेत.

२१ जून, शुक्रवार

अहवाल गेला. मुखपृष्ठावर टेकडी चढणारं हसरं जोडपं. एकट्या राहणाऱ्यांच्या अभ्यासावर जोडपं! स्लाइडसम्राट म्हणाले, एकट्या माणसाचा फोटो उदास दिसतो.

१६ जुलै, मंगळवार

विभागाचे अधिकारी आले होते. गोड माणूस. अहवाल त्यांनी खरोखर वाचला होता, म्हणजे आमच्याकडच्या कोणापेक्षाही जास्त.

“उत्तम काम,” म्हणाले. “आता बघा, ज्यांच्याकडे आमची बाई जाते ते ठणठणीत. ज्यांच्याकडे जात नाही तेही ठणठणीत. बरोबर?”

“अगदी बरोबर,” साहेब.

“मग बाई कशाला पाठवायची?”

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. स्वतःच विणलेल्या स्वेटरमध्ये डोकं अडकावं तसा. पण सावरले! “म्हणजे योजनेचं उद्दिष्ट साध्य झालं, असंच म्हणायला हवं.”

अधिकाऱ्यांनी ते वाक्य लिहून घेतलं. योजना महिनाअखेर बंद. साहेबांना शाल.

मी आत्याला फोन केला नाही. धीरच झाला नाही.

६ ऑगस्ट, मंगळवार

अर्धी रजा टाकून गेले. आत्या तयार होऊन खुर्चीत बसली होती — केस विंचरलेले, चप्पल घातलेली. “सवय गं,” म्हणाली.

मी म्हटलं, चल, मी नेते. कोपरं धरली, उलट्या पावलांनी निघाले. मंगळवारवाली हे कसं करते देव जाणे! तिसऱ्या मजल्याच्या अलीकडे आत्याचा गुडघा दुमडला, मी कठड्यावर आपटले आणि दोघी पायरीवर बसलो. ना वर, ना खाली. आणि आत्या मला म्हणतेय, “तुला लागलं का?” शेवटी खालचे शेजारी आले, दोघांनी धरून वर नेली.

“पुन्हा नको,” ती म्हणाली. चप्पल काढून दाराआड ठेवली.

९ ऑगस्ट, शुक्रवार

कापलेली सगळी माणसं परत आणली. सहाशे एकोणीस. साहेबांनी सांगितलं नव्हतं. सॉफ्टवेअर लगेच ओरडलं — असंतुलित! म्हटलं, ओरड बाबा.

मग एकच साधी मोजणी केली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. ठिपके कोणाचे? ज्यांच्याकडे सोबतवाली जात होती त्यांचे, की ज्यांच्याकडे कोणीच जात नव्हतं त्यांचे?

ज्यांच्याकडे कोणी जात नव्हतं, त्यांच्यात ठिपके दुपटीहून जास्त. दर फेरीत. फॉर्मकाकांच्या पोरींनी प्रत्येक ठिपक्यापुढे कारणही लिहून ठेवलंय — वारले, पडले, अंथरुणाला खिळले. आम्ही तो रकाना उघडलाच नव्हता.

योजनेचा सगळा उपयोग त्या ठिपक्यांत होता! बाई जात होती म्हणून माणसं टिकत होती. आणि न टिकलेली माणसंच काढून टाकल्यावर दोन्ही गट सारखे दिसणार नाहीत तर काय! काढून टाकली कोणी? मी. एका ओळीत.

रडू आलं. भर ऑफिसात. स्लाइडसम्राटांनी विचारलं, सर्दी का?

१२ ऑगस्ट, सोमवार

साहेबांना तक्ता दाखवला. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. समजलं त्यांना, शपथेवर सांगते — भुवया वर गेल्या.

मग म्हणाले, “पण हे असंतुलित आहे.”

“सर, माणसं मेली की पॅनेल असंतुलितच होणार.”

“अहवाल स्वीकारला गेलाय, मॅडम. आता हे उकरलं तर शालीचं काय?” हे शेवटचं ते म्हणाले नाहीत. पण शाल खुर्चीच्या पाठीवर होती आणि त्यांचा हात तिच्यावर होता.

वर आनंदाची बातमी: आम्हाला नवीन काम मिळालंय. सातवी फेरी! योजना बंद झाल्यावरही लोक समाधानी आहेत हे दाखवायचं. त्याच तीनशे एकतीस जणांना विचारायचं.

१८ ऑगस्ट, रविवार

आत्याला सगळं सांगितलं. वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे गं. तिने हातातलं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “म्हणजे मी ‘छान आहे’ म्हटलं, म्हणून माझा तास गेला?”

“तू एकटीच नाहीस. तीनशे एकतीस जण तसंच म्हणाले.”

“सगळे मेले सभ्य!” एवढी चिडलेली मी तिला पहिल्यांदा बघितली. फोन जवळ ओढला. “आता कोणी दार उघडायचं नाही. येऊ देत सातव्या फेरीला. बघते कसे मोजतात.”

आणि लागली की फोन फिरवायला! बाकड्यावरच्या चौघी. त्यांच्या ओळखीच्या. त्यांच्या पलीकडच्या. कुठलाही नंबर बघून लावला नाही, सगळे पाठ. आवाजसुद्धा बदलला तिचा — तो जुना, ऑपरेटरचा, जरा नाकातला. मी एकही नाव दिलं नाही. माझ्याकडे नावं नाहीतच. माझ्याकडे क्रमांक आहेत, माणसं तिच्याकडे.

निघताना म्हणाली, “ठमे, जरा लाइन मोकळी ठेव तुझी.” गुडघे विसरून गेली होती.

९ सप्टेंबर, सोमवार

सातवी फेरी सुरू. फॉर्मकाकांचा चेहरा पडलेला. पहिल्या दिवशी शून्य फॉर्म.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

अजून शून्य! पोरींनी टिपून आणलेले शेरे काका वाचून दाखवत होते. एका दाराआडून: “झोपलोय.” एका खिडकीतून: “मी बहिरी आहे” — हे पोरीने घंटा वाजवण्याआधीच! आणि एका आजोबांनी साखळी लावून दार बोटभर उघडलं, म्हणाले, “लिहा, वारलो. ठिपका टाका आणि जा.”

मी हसू दाबायला फाइलमध्ये डोकं घातलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्याही मिशा हलत होत्या.

१९ सप्टेंबर, गुरुवार

साहेबांनी पोरींसाठी प्रशिक्षण ठेवलं: ‘घंटा वाजवण्याची सौहार्दपूर्ण पद्धत’. स्लाइड एकतीस. स्लाइडसम्राटांनी खोट्या दारावर घंटा वाजवून दाखवली. पोरींनी टाळ्या वाजवल्या, आणि संध्याकाळी निम्म्या काम सोडून गेल्या.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

शून्य. फॉर्मकाका नव्या पोरी शोधताहेत. “सोबत बंद झाल्यापासून त्यांच्या काही बाया घरी बसल्यात,” म्हणाले. “त्यांना विचारतो. एकही फॉर्म आणला नाही तर कोणाला ठेवणार, पण विचारतो.” बरं म्हटलं. माझं लक्ष नव्हतं. आत्याचा फोन आला होता — अजून एकही दार उघडलेलं नाही म्हणून सांगायला. मला माहीत होतं, पण तिच्या तोंडून ऐकायला मजा वाटते.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

काय दिवस होता! लिहिताना हात आवरत नाही.

साहेबांनी सकाळीच बोलावलं. शाल कुठे दिसली नाही. मंगळवारी विभागात सादरीकरण, आणि सातव्या फेरीत माणसं शून्य. सातही फेऱ्यांना हजर असलेले वेगळे काढायला सॉफ्टवेअरला सांगितलं तर ते म्हणालं, एकही नोंद नाही. साहेबांनी स्वतः तीनदा एंटर दाबून बघितलं, की दाबण्यात काही चूक होतेय.

मग खुर्चीत मागे रेलले. “तुमची ती... ठिपक्यांची फाइल आहे का अजून?”

आहे का! मी धावतच आणली. साहेबांनी माझ्यासमोर विभागाच्या अधिकाऱ्यांना फोन लावला. स्पीकरवर. मी सांगितलं — या वेळी हळू नाही. कोणाकडे बाई जात होती, कोणाकडे नव्हती, कुठे ठिपके दुप्पट. शेवटी अधिकारी म्हणाले, “हे आधी का नाही दाखवलं? मंगळवारी हेच मांडा. असं असेल तर योजनेचा पुन्हा विचार करावाच लागेल.”

फोन ठेवल्यावर साहेब म्हणाले, “सातव्या फेरीत एक जरी माणूस मिळाला असता तरी पॅनेल पूर्ण धरलं असतं, आणि मी हे करू दिलं नसतं, हं. पण नाइलाज आहे.” प्रामाणिक आहेत, एवढं मात्र खरं.

स्लाइडसम्राट ठिपक्यांना रंग शोधताहेत. मी म्हटलं, काळा.

आत्याला फोन केला. ऐकलं तिने सगळं. मग एकदम लहान आवाजात, “ठमे, मग मंगळवारवाली परत येईल?”

“येईल, आत्या. मंगळवारी हो म्हणाले की लगेच.”

“चप्पल दाराआडून बाहेर काढून ठेवते,” म्हणाली.

७ ऑक्टोबर, सोमवार

एक फॉर्म आला. शनिवारचा.

क्रमांक बघितला नाही, वय आणि मजला बघितला — चौथा. फोन लावला. “मंगळवारवाली आली होती गं. दोन महिन्यांनी! आता हे काम करते म्हणाली, अजून एकही फॉर्म मिळाला नाही, मिळाला नाही तर ठेवणार नाहीत तिला. घामाघूम झाली होती. तिला कसं परत पाठवू? बसवलं, चहा केला. सगळं छान आहे म्हटलं.” मग म्हणाली, “खाली नेऊ का, विचारत होती. मीच म्हटलं, राहू दे, तुला उशीर होईल.”

माणसं: एक. फेऱ्या: सात. पूर्ण संतुलित. समाधानी: शंभर टक्के.

साहेबांनी बिस्किटं मागवली.